यादीतली पाच मुले

वासंती आगाशेने ती यादी लिहिली तेव्हा तिच्या मनात भीतीचा लवलेशही नव्हता. भीती असती तर कदाचित तिने ती जपून लिहिली असती, चार ओळी जास्त लिहिल्या असत्या, आणि मग पुढचे काही घडलेच नसते.

१९८७च्या डिसेंबरातली गोष्ट. नव्या शैक्षणिक धोरणापाठोपाठ जिल्ह्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणांचा सपाटा सुरू झाला होता. रत्नागिरीतल्या ज्या अध्यापक विद्यालयात वासंती बालमानसशास्त्र शिकवीत असे, तिथे पालीपासून वेळणेश्वरापर्यंतचे साठ प्राथमिक शिक्षक दोन दिवसांच्या चर्चासत्राला यायचे होते. विषय होता ‘मुलांच्या शिकण्याच्या निरनिराळ्या रीती’. पुण्याहून एम.एड. करून आलेली ती एकटीच, म्हणून आखणीचे काम प्राचार्यांनी तिच्याकडे सोपवले.

“दोन व्याख्यानं, एक गटचर्चा, मध्ये चहा आणि शेवटी आभार,” प्राचार्य म्हणाले. “यापलीकडे खोलात शिरू नका. पुण्याहून खात्याचे साहेब यायचेत.”

“पण सर, शिकण्याच्या रीती व्याख्यानातून कशा कळणार? जे ऐकून शिकतात त्यांनाच तेवढ्या कळतील.”

“मग काय करायचं म्हणता?”

“मुलं दाखवायची. सगळ्या तऱ्हांची, आणि शिकत असतानाच दाखवायची. शिक्षकांनी बघावं आणि नंतर बोलावं.”

प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “साहेबांसमोर सगळ्या तऱ्हांची मुलं आजवर कुणी उभी केलेली नाहीत, बाई. बघा बुवा.”

मैदानापलीकडे भावी शिक्षकांच्या सरावपाठांची प्राथमिक शाळा होती. तिचे मुख्याध्यापक चिंतामणी जोगळेकर म्हणजे मऊ बोलणारे, मुलांवर कधी हात न उगारणारे गृहस्थ. त्यांची नोकरीची दोन वर्षे उरली होती. त्यांच्या परवानगीने वासंती सहा आठवडे तिसरीच्या वर्गात मागच्या भिंतीशी वही घेऊन बसली. कोणते मूल कविता एकदा ऐकून म्हणते, कोणते चित्र पाहिल्याशिवाय हलत नाही, कोणाला हाताने जोडावे-मोडावे लागते, हे ती टिपून ठेवीत गेली.

त्या वर्गात गोदा नावाची एक नऊ वर्षांची मुलगी होती. तिचा बाप मुंबईला छापखान्यात कामाला, आई सोनूबाई भाट्याच्या नारळ केंद्रात रोजावर. तिसरीत येऊनही गोदाला वाचता येत नव्हते. प्रश्न विचारला की ती खांदे आत ओढून घेई, आणि विचारणाऱ्याचा आवाज चढला की मागे मागे सरकत भिंतीला टेके. “गरीब आहे हो, पण डोकं चालत नाही,” असे म्हणून जोगळेकर गुरुजींनी तिचा नाद सोडला होता.

एकदा मधल्या सुट्टीत वासंतीने तिला नारळाच्या झावळीचा झाप विणताना पाहिले. वीण इतकी घट्ट आणि सारखी होती की ती बघतच राहिली. “कुणी शिकवलं गो तुला?” असे विचारताच गोदाचे हात थांबले. पुढे सोनूबाईकडून कळले की शिकवले कुणीच नव्हते. आई विणत असताना पोर बाजूला बसून बघत असे, आणि कुणी नसताना करून बघत असे.

मग वासंतीने एक प्रयोग केला. गोदाच्या शेजारी बसून, तोंडातून शब्द न काढता, तिने जमिनीवर चिंचोके मांडून ‘क’ तयार केला. तो मोडला, पुन्हा मांडला, पुन्हा मोडला, आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसली. कारण एक गोष्ट तिला उमगली होती. आपल्याकडे कुणी पाहते आहे असे वाटले की या मुलीचे हात आखडतात. पाच मिनिटांनी तिने वळून पाहिले तेव्हा चिंचोक्यांचा ‘क’ जागेवर मांडलेला होता. तीन आठवड्यांत गोदा ‘कमळ’ वाचू लागली.

चर्चासत्राचा पहिला दिवस शुक्रवारचा. त्याआधीच्या सोमवारी वासंतीने जोगळेकर गुरुजींकडे वीस मुलांची यादी पाठवली. वर लिहिले, ‘नमुना पाठासाठी विद्यार्थी’, आणि प्रत्येक नावापुढे आपले निरीक्षण. पंधरा जणांपुढे ओळ-दोन ओळी. उरलेल्या पाच जणांवरच तिच्या पाठाची सगळी मदार होती, म्हणून त्यांच्यापुढे जास्त. ‘गोदा : तोंडी सूचना समजत नाहीत. प्रश्नाला उत्तर देत नाही. फळ्यावरचे वाचता येत नाही.’ या मुलांना काय येते ते मात्र तिने आपल्याच वहीत ठेवले. ते शुक्रवारी सगळ्यांनी डोळ्यांनी पाहावे, आधी सांगून त्यातली गंमत घालवू नये, असा तिचा विचार होता.

*

शुक्रवारी सकाळी अकराला विद्यालयाचे सभागृह भरले. पुढे खुर्चीवर पुण्याचे साहेब, शेजारी प्राचार्य, मागे बाकांवर साठ शिक्षक. त्यांच्यात कुजबूज चालली होती.

“मी एकटा मास्तर, चार इयत्ता, चव्वेचाळीस पोरं,” पालीकडचे एक गुरुजी शेजाऱ्याला सांगत होते. “त्यात आता प्रत्येकाची रीत शोधू काय?”

“पहिल्यांदा तुमची रीत सापडते का बघा, काशीराम गुरुजी. गेल्या वर्षीच्या शिबिरात तुम्ही झोपून शिकत होतात.”

“झोपेतसुद्धा ऐकत होतो रे. कान उघडेच असतात.”

हशा विरतो न विरतो तोच मागच्या दाराने मुले ओळीने आत आली आणि चटईवर बसली. वासंतीने सवयीने मोजली. वीस. मग तिने चेहरे पाहिले. पुढच्या ओळीतली पाच मुले तिच्या ओळखीचीच नव्हती. चापून बसवलेले केस, इस्त्रीचे गणवेश, हाताची घडी.

जोगळेकर गुरुजी दाराशी उभे होते. ती लगबगीने तिकडे गेली. “गुरुजी, गोदा कुठाय? आणि ती बाकीची चार?”

गुरुजी हसले. एखाद्याची लाज राखल्यावर माणूस हसतो तसे. “काही काळजी करू नका. तुमची यादी वाचली नि लगेच लक्षात आलं. ती पाच घरी ठेवलीत. त्यांच्या जागी चौथीची हुशार घेतलीत. पाठ कालच करून घेतलाय त्यांच्याकडून. साहेबांना कळायचं नाही.”

तपासणीच्या दिवशी कच्ची मुले घरी ठेवायची, ही शाळांतली जुनी वहिवाट. ती कुठे लिहिलेली नसते आणि कुणी कुणाला शिकवत नाही. साहेब येणार, आणि नावांपुढे ‘वाचता येत नाही’, ‘उत्तर देत नाही’ असे लिहिलेला कागद आला, तर कुठल्याही मुख्याध्यापकाने तो एकाच तऱ्हेने वाचला असता. वासंतीचे वडील मास्तर होते. त्यांच्या शाळेतही साहेबाच्या दिवशी मागची पाच-सहा मुले दिसेनाशी होत आणि दुसऱ्या दिवशी येऊन गुपचूप आपल्या जागी बसत. तिने हे लहानपणी दरवर्षी पाहिले होते. पण ती पुढच्या बाकावर बसणारी, तिला त्याची आठवण ठेवण्याचे कारण पडले नव्हते.

“सुरू करा, बाई,” प्राचार्य पुढून म्हणाले. साहेबांनी घड्याळ पाहिले.

तिने सुरू केले. तिने विचारायचा अवकाश, पुढची पाचही मुले हात वर करीत आणि काल घोकलेली उत्तरे एका सुरात देत. आपण काय बोलतो आहोत हे तिचे तिलाच परक्यासारखे ऐकू येत होते. साहेबांनी मान डोलावली. प्राचार्यांचा चेहरा सैलावला. होऊन जाऊ दे हे एकदाचे, असे तिला वाटले. सोमवारी मुलांची समजूत घालू.

तेवढ्यात तिला खिडकीत सोनूबाई दिसली.

सोनूबाई नीटनेटके धुतलेले लुगडे नेसून, अर्ध्या दिवसाचा रोज बुडवून मुलीचा पाठ बघायला आली होती; वासंतीनेच तिला सांगितले होते. गजांना दोन्ही हातांनी धरून ती आत बघत होती. तिचे डोळे पहिल्या ओळीवरून फिरले, दुसरीवरून, तिसरीवरून. शेवटच्या मुलापर्यंत गेले आणि परत पहिल्यापासून सुरू झाले.

आता मात्र वासंतीच्या लक्षात आले. आई इथे मुलीला शोधते आहे, म्हणजे मुलगी घरी नाही. घरून शाळेला म्हणून निघाली आहे. आणि शाळेत ती नाही.

त्याच क्षणी तिने खडू खाली ठेवायला हवा होता. पण साहेब नुकतेच वहीत काहीतरी लिहू लागले होते, आणि साठ माणसे तिच्याकडे पाहत होती. तिने पुढचा प्रश्न विचारला, त्यानंतरचाही विचारला. किती मिनिटे गेली ते तिला कधीच नक्की सांगता आले नाही. दहा असतील, कदाचित जास्त. सोनूबाईच तिसऱ्यांदा ओळी मोजून झाल्यावर खिडकीपासून दारापर्यंत आली आणि भर सभेत म्हणाली, “बाई, माजी गोदा खुटं हाय?”

सगळे वळून बघू लागले.

“सकाली वेनी घालून पाठवली मी तिला. म्हनली, आज मोट्या मानसांसमोर बसायचं हाय. खुटं बसवलीत तिला?”

वासंतीने खडू ठेवला. “पाठ इथंच थांबवते,” एवढेच ती साहेबांना म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता बाहेर पडली.

*

जोगळेकर गुरुजी मागोमाग बाहेर आले. “मी तिला नीट सांगितलं हो काल. लिमलेटची गोळी दिली हातावर. म्हटलं, उद्या येऊ नको हो गोदे, साहेब यायचेत. रागावलो नाही की काही नाही.”

“अवो, मग तिनं मला का नाय सांगितलं?” सोनूबाईने विचारले.

याचे उत्तर वासंतीला ठाऊक होते. आईने वेणी घालायला घेतली तेव्हा पोर काय सांगणार होती? मोठ्यांना काही सांगणे तिला जमतच नव्हते.

शाळेचा शिपाई धोंडू धावत गेला आणि शाळेमागच्या वाडीतून गंगाला घेऊन आला. गंगा ही घरी ठेवलेल्या पाचांतलीच दुसरी मुलगी. एवढी माणसे पाहून ती रडू लागली. वासंती तिच्यासमोर जमिनीवर बसली. “गंगे, तुला कुणी ओरडत नाही. गोदा तुला दिसली का?”

“आमी सड्यावर गेलेलो, खेलायला.”

“मग?”

“मग आमी घरी आलो. ती म्हनली, शाला सुटल्याची घंटा झाली की येते. आता घरी गेले तर आयेला कलल.”

“कुठे थांबली ती?”

गंगाने सोनूबाईकडे चोरून पाहिले. “खानीत. वाटेवरनं दिसू नये म्हनून.”

सोनूबाईच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला आणि ती पळत सुटली.

शाळेमागची चढण चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, गेले की चारशे पावलांवर जांभ्या दगडाची बंद पडलेली चिरेखाण होती. चिरे थराथराने कापून नेल्यामुळे तिच्या भिंतींना पायऱ्या पडल्यासारख्या दिसत, पण एकेक पायरी मोठ्या माणसाच्या मांडीएवढी उंच, आणि काठ पावसाने भुसभुशीत झालेले. तळाला पावसाळ्याचे पाणी हिरवे होऊन साचलेले. ते किती खोल आहे हे कुणालाही ठाऊक नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्यात एक म्हैस पडली होती आणि ती वर काढता आली नव्हती, एवढेच सगळ्यांना माहीत. सडा ओलांडताना वासंतीच्या डोळ्यांसमोर ते पाणीच येत होते. पाण्यावर काही तरंगताना दिसू नये, एवढे एकच तिच्या मनात होते. धावता धावता ती मिनिटे मोजत होती. मघाची दहा, गंगाला आणेपर्यंतची सात-आठ. पहिली दहा माझी, असे तिच्या मनाने स्पष्ट शब्दांत म्हटले.

पाण्यावर काही नव्हते. गोदा जिवंत होती.

काठापासून तीन माणसांच्या उंचीइतके खाली, एका अरुंद थरावर ती उभी होती, भिंतीला पाठ लावून. जिथून घसरत उतरली असावी ती मातीची उतरण तिच्यामागून ढासळून पाण्यात गेली होती. ढासळलेल्या मातीची ताजी लाल खूण भिंतीवर दिसत होती. गोदाच्या पायाखालच्या थराच्या कडेवरून अजून खडे सुटत होते. एक खडा पडे आणि पाण्यात डुबुक असा आवाज होई.

“गोदे! हलू नको गो बाय माजे!” सोनूबाई ओरडली.

“उजवीकडे सरक! उजव्या हाताला!” हे गुरुजी.

“खाली बघू नकोस, भिंत धर!” मागून पोचलेले काशीराम गुरुजी आणि आणखी दोन शिक्षक एकदम बोलू लागले. धोंडू दोर आणि शिडी आणायला बाजाराकडे पळाला. त्याला जाऊन यायला अर्धा तास तरी हवा होता.

गोदाने वर पाहिले. इतके चेहरे, इतके आवाज. तिने खांदे आत ओढून घेतले. गुरुजी धोतर खोचून बाजूच्या चिऱ्यांवरून दोन थर उतरले आणि त्यांनी तिच्याकडे हात लांब केला. “ये हो, ये, मी रागावलो नाही.” त्यांचा हात दिसताच ती त्यांच्याकडे तोंड करून वळली, भिंतीपासून सुटली आणि मागे सरकली. पाऊलभर, आणि मग आणखी अर्धे पाऊल. तिची टाच कडेबाहेर गेली. मूठभर माती पाण्यात पडली.

“गुरुजी, वर या,” वासंती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाही ओळखू आला नाही. “सगळे मागे सरा. तिला दिसणार नाही इतके मागे. आणि कुणीही एक शब्द बोलायचा नाही.”

“अहो, पण तिला सांगायला नको का, कुठून यायचं ते?”

“सांगितलेलं तिला कळत नाही, गुरुजी. मी लिहून दिलं होतं तुम्हाला.”

गुरुजी वर आले. शिक्षक मागे सरले. सोनूबाई हलेना. वासंतीने तिचे दोन्ही हात धरले. “सोनूबाई, तुम्हीसुद्धा. झाप विणायला ती कशी शिकली, आठवा.”

सोनूबाईने तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत विश्वास नव्हता, पण दुसरा उपायही नव्हता. तिने पदर तोंडात कोंबला आणि ती मागे जाऊन खाली बसली.

वासंतीने चपला काढल्या, निऱ्या खोचल्या. गोदा उभी होती त्या थराच्या दुसऱ्या टोकाला, आठ-दहा हातांवर, चिरे शाबूत होते. तिथून ती भिंतीकडे तोंड करून उतरू लागली. त्या थराचा मधला भाग इतका चिंचोळा होता की मोठ्या माणसाचे वजन त्याने पेलले नसते. तिला तिकडे जायचेही नव्हते. गोदाने इकडे यायला हवे होते.

सात थर उतरून ती खाली पोचली. गोदाकडे तिने पाहिले नाही. ती पुन्हा वर चढू लागली, सावकाश, चिंचोके मांडीत असे तशी. आधी तळहाताने चिऱ्यावर दोनदा थाप मारायची. चिरा डुलला नाही तर त्यावर हात रोवायचा, पोट भिंतीला लावायचे, गुडघा वर घ्यायचा, मग दुसरा. चौथा चिरा थापेसरशी डुलला. तिने त्यावरचा हात उचलून शेजारच्या चिऱ्यावर ठेवला. वर पोचल्यावर ती पुन्हा उतरली. दुसऱ्यांदा उतरताना जांभ्याच्या कंगोऱ्यांवर तळवे सोलवटले तरी तिला कळले नाही. खाली आल्यावर ती थरावरून भिंतीला पोट लावून दोन पावले गोदाच्या दिशेने सरकली आणि दोन पावले परत आली. हेही दाखवायला हवे होते.

आता तिसरी खेप. या वेळी गोदाकडे पाठ करायची आणि वर जात राहायचे, वळून पाहायचे नाही. आयुष्यात इतके अवघड काही तिला करावे लागले नव्हते. तिने पाहिले असते तर मुलीचे हात आखडले असते. आणि न पाहता ती ज्या क्षणी पडेल, तो क्षण वासंतीला केवळ आवाजावरून कळणार होता.

पहिला चिरा. थाप, थाप. मागे काही नाही.

दुसरा. मागे खडे सुटले आणि पाण्यात पडले. एक, दोन, मग पुष्कळ एकदम. वासंतीने कपाळ चिऱ्याला टेकले. घशात आलेली हाक तिने गिळली. आपण चुकलो तर? सहा आठवडे एका पोरीला पाहून आपण तिला ओळखतो असे समजलो, आणि ते सगळे पुस्तकीच असेल तर? यादी करताना आपण असेच निःशंक होतो.

तिसरा चिरा. थाप, थाप.

आणि मग मागे, खाली, अगदी हलक्या हाताची थाप ऐकू आली. दोनदा.

वासंती चढत राहिली. प्रत्येक चिऱ्यावर ती, एरवी मोठे माणूस थांबणार नाही इतका वेळ, थांबे आणि मागची थाप ऐकू आली की पुढे सरके. चौथ्या चिऱ्याशी, जो डुलत होता, मागे बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. तिने डोळे मिटून घेतले. मग शेजारच्या चिऱ्यावर थाप पडली.

वर पोचल्यावर ती गवतात पालथी पडली. काही क्षणांनी तिच्या घोट्याला ओल्या मातीचा एक लहान हात लागला आणि त्याने तो घट्ट धरला.

*

सोनूबाईने मुलीला आधी एक धपाटा घातला, मग पोटाशी धरले, मग तिचे हात, पाय, डोके चाचपून पाहिले. गोदा रडली नाही; वासंतीचा पदर तेवढा तिने मुठीत धरून ठेवला होता. तिची वेणी सुटली होती. काशीराम गुरुजी दूर तोंड फिरवून उभे होते आणि उपरण्याने चेहरा पुसत होते.

“कोनी सांगितलं व्हतं हिला, येऊ नको म्हनून?” सोनूबाईने विचारले.

“मी,” जोगळेकर गुरुजी म्हणाले. “मीच सांगितलं.”

“यादी माझी होती,” वासंती म्हणाली. “हिला काय येत नाही एवढंच मी लिहिलं. काय येतं ते लिहिलं नाही. आणि तुम्ही खिडकीत आलात तेव्हाच मला कळलं होतं, सोनूबाई. तरी मी शिकवत राहिले.”

सोनूबाईने हे ऐकून घेतले. ती चिडली असती तर बरे झाले असते, असे वासंतीला वाटले. पण तिने फक्त गोदाची बोटे एकेक करून वासंतीच्या पदरातून सोडवली.

“सोमवारी पाठवाल ना हिला?”

“बघू,” सोनूबाई म्हणाली. मुलगी कडेवर घेण्याइतकी लहान नव्हती, तरी तिने घेतली, आणि सडा उतरून ती वाडीकडे चालू लागली. वासंती ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली. त्या ‘बघू’मध्ये होकार किती आणि नकार किती, हे तिला सोमवारपर्यंत कळणार नव्हते. आणि तोवर तिसरीच्या त्या बाकावरची मोकळी जागा तिच्या डोळ्यांपुढून हलणार नव्हती.

शिक्षक परत निघाले. जोगळेकर गुरुजी मागे रेंगाळले. वासंतीच्या चपला त्यांनी हातात आणून दिल्या.

“दुपारचं सत्र घ्यायचंय ना, बाई?”

“घ्यायचंय.”

“काय घेणार?”

“ती यादी वाचणार आहे, जशी लिहिली तशी. आणि त्या पाच मुलांचं आज काय झालं ते सांगणार आहे. माझी दहा मिनिटंसुद्धा.” ती थांबली. “गुरुजी, तुम्ही माझ्याशेजारी बसा. मी वाचताना उठून जाऊ नका.”

“साहेबांसमोर?”

“साहेबांसमोर.”

गुरुजींनी खाणीकडे पाहिले, मग विद्यालयाच्या कौलांकडे. “माझी दोन वर्षं राहिलीत हो नोकरीची.”

“माझी बावीस,” वासंती म्हणाली.

खाली विद्यालयात चहाची घंटा झाली. गुरुजींनी धोतराचा सोगा झटकला आणि ते पुढे झाले. दोघे उतरणीला लागले, एकमेकांच्या पुढे न जाता, मागेही न राहता, शक्य तितक्या सावकाश.